समुद्रापासून सगळ्यात लांबचं गाव

ताई,

तुम्ही गेल्याला सव्वा महिना होऊन गेला. गुरुजींनी पेपरात तुमचा फोटो दिला होता, लग्नातला. खाली दोन ओळी होत्या, मनमिळाऊ स्वभावाच्या आणि धार्मिक वृत्तीच्या. तो कागद मी दोनदा वाचला. तुम्ही धार्मिक कधी होतात ते मला आठवेना. एकादशी धरत होतात ती साबुदाण्यासाठी. आणि ज्या गोष्टींसाठी गावातलं प्रत्येक पोर तुम्हाला ओळखत होतं, त्यांचा तर त्यात उल्लेखच नव्हता.

अंगणवाडीचे अहवाल सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण मला तुमच्याशी एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. चार वर्षांपूर्वी ते मी तुम्हाला आपल्या अंगणात ऐकवलं होतं. तुम्ही ते विसरला नसणार. मला तर ते आता रोज ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

मी भित्री आहे हे तुम्हाला फार लवकर कळलं होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा गुरुजींची कोकणातून इकडे बदली झाली आणि माझ्या या मोठ्या दिरांबरोबर तुम्ही पहिल्यांदा गावी राहायला आलात. मोठी सून समुद्रावरची आहे, तिला इथलं ऊन सोसेल का, अशी घरात चर्चा होती. तुम्ही टेम्पोतून उतरलात तेव्हा हातात गोणपाटात गुंडाळलेली नारळाची दोन रोपं होती. सासूबाई म्हणाल्या, "इकडे नाई होत थे." तुम्ही म्हणालात, "लावून तरी बघू." एक मेलं. दुसरं अजून उभं आहे, फळ धरत नाही.

घरामागे तलावाची उंच मातीची पाळ. सगळ्या बाया धुणं तिथंच नेत, मी मात्र हापशीवरून बादल्या भरून अंगणात धूत होते. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "रेखा, तू तलावावर का येत नाहीस गो?"

"मले पाण्याचा भेव वाटते, ताई."

मग मी तुम्हाला सांगितलं. माझं माहेर लाखांदूरकडचं, वैनगंगेच्या काठाला. मी आठ वर्षांची असताना पुराचं पाणी गावात शिरलं आणि आम्ही शाळेच्या स्लॅबवर दोन दिवस बसलो. खाली वर्गातले बाक पाण्यावर तरंगत होते आणि छताला खालून धडका देत होते, कोणी दार ठोठावावं तसे. तो आवाज मला अजून येतो. नवऱ्यालासुद्धा हे मी नीट सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला सांगितलं.

तुम्ही हसला नाहीत. ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं स्वतः धरून पिळलंत आणि म्हणालात, "भितेस ते बरं आहे. राहू दे ती भीती." कोकणातली बाई असून असं काय बोलते, असं मला तेव्हा वाटलं होतं.

अंगणवाडीत तुम्ही पहिल्यांदा आलात तो लसीकरणाचा दिवस होता. मी घरी विसरलेलं रजिस्टर द्यायला आला होतात. नर्सबाईंनी पेटी उघडली आणि सोळाच्या सोळा पोरांनी एकदम गळा काढला. एक तर माझ्या टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरून बसली होती. तुम्ही चपला काढल्या, सतरंजीवर बसलात आणि कोणालाही गप्प बस न म्हणता बोलायला सुरुवात केलीत.

"आमच्या गावात एक भरती होती. भरती म्हणजे समुद्राचं पाणी. ती रोज दोनदा किनाऱ्यावर यायची. का यायची? तिची एक चप्पल हरवली होती. सकाळी यायची, शोधायची. सापडली नाही की परत जायची. संध्याकाळी वाटायचं, अरे, त्या खडकामागं बघायचं राहिलंच! की परत यायची."

टेबलाखालून आवाज आला, "कोनत्या रंगाची होती?"

"ते तिलाच आठवत नाही ना! म्हणून तर सगळ्यांच्या चपला उचलून बघते."

लसी टोचून झाल्या तरी पोरं उठेनात. त्यानंतर तुम्ही दर बुधवारी येऊ लागलात. खेकडा पोस्टमन होता. दोन्ही बाजूंच्या घरांवरचे पत्ते वाचावे लागतात म्हणून तो आडवा चालायचा. एका दीपगृहाला सर्दी झाली होती, ते शिंक येईल येईल म्हणून डोळे मिटायचं आणि शिंक काही यायची नाही, सगळी जहाजं बाहेर खोळंबायची. आणि आळशी नारळ. तो झाडावरून समुद्रात पडला, पण घाबरला नाही. हातपाय झाडले नाहीत. पाठीवर पडला, पोट वर केलं, कान पाण्यात बुडवले आणि आभाळाकडे बघत बघत दुसऱ्या देशात पोचला. पोरं सतरंजीवर हात पसरून 'नारळ' होऊन पडायची. पाच मिनिटं अंगणवाडीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. माझं तेवढ्यात खिचडी वाढून व्हायचं. तेव्हा मी तुमचे किती आभार मानले असतील.

समुद्र मी कधी पाहिलेला नाही. तरी तुमच्या गोष्टींमधला समुद्र मला आवडायचा. बुधवारी दुपारी, खिडकीबाहेर धानाच्या बांध्या दिसत असताना, मला पाण्याची भीती वाटायची नाही.

माझी ओवी तुमच्याच मांडीवर बोलायला शिकली. मला ती आई म्हणायची आणि तुम्हाला मोठीआई, पण मोठीआई हा शब्द तिला आधी आला.

ती सहा वर्षांची होती. दिवाळी तोंडावर आली होती, हलकं धान कापणीला आलं होतं, तलाव काठोकाठ भरलेला. हे वरठीला कारखान्यात ड्यूटीवर होते. मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. शेजारची सुमन धावत आली. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"रेखाबाई, ओवी... तलावात..."

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. वाटेत कोणी काही विचारलं असेल तर तेही नाही. पाळीवर चढले आणि पाणी दिसलं. मधोमध, शिंगाड्याच्या वेलांच्या अलीकडं, ओवीचा पिवळा फ्रॉक. ती पाठीवर पडली होती, हात पसरलेले, हलत नव्हती. मला वाटलं, संपलं.

आणि ताई, माझे पाय पाळीवरून खाली उतरेनात. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझी पोर पाण्यात होती आणि मी वर उभी होते. माझ्या कानात ते बाक ठोठावत होते. मी ओरडतसुद्धा नव्हते.

माझ्या बाजूनं तुम्ही गेलात. धावत, लुगड्यासकट, सरळ पाण्यात. गुडघे, कंबर, छाती. तिथं तुम्ही हात पुढं करून थांबलात. पलीकडून शिंगाडेवाल्या कौसल्याबाईंनी आपला लाकडी डोंगा वळवला होता. त्यांनी बांबू टाकून ओवीचा फ्रॉक अडकवला, तिला ओढून घेतलं आणि तुमच्या हातात दिलं. तेव्हा ओवीनं डोळे उघडले आणि विचारलं, "झालं का?" ती बुडाली नव्हती. ती नारळ झाली होती.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचे दात वाजत होते. हात इतके कापत होते की ओवीला कौसल्याबाईंनीच परत तुमच्याकडून घेतलं. मला वाटलं, थंडीनं.

संध्याकाळी अंगणात ओवीनं सगळं सांगितलं. पाळीच्या कडेला तिला एक निळी चप्पल दिसली होती. धुणं धुताना कोणाची तरी राहिलेली. "भरतीची हाय म्हटलं. तिले देऊन देतो म्हणून खाली उतरली, तं पाय सटकला."

तुम्ही सूप घेऊन तांदूळ निवडत होतात. तुमचा हात थांबला. आणि मी बोलले. मला तुमच्यावर राग होता की स्वतःवर, ते मला तेव्हा ठरवायचं नव्हतं. पाळीवर थिजून उभी राहिलेली बाई मी होते, आणि ते कोणी काढायच्या आत मला दुसऱ्या कोणावर तरी ओरडायचं होतं.

"तुमच्या घरचं कोणी पाण्यानं नेलं असतं ना, ताई, तं असे खेळ सुचले नसते तुमाले."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं आता तुम्ही काही बोलाल. मी वाटच पाहत होते, म्हणजे मला अजून बोलता आलं असतं. तुम्ही सूप खाली ठेवलंत, तांदूळ सांडू नयेत म्हणून ते भिंतीला नीट टेकवलंत आणि घरात गेलात. एवढंच. पुढच्या बुधवारी तुम्ही अंगणवाडीत आला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पोरांनी विचारलं, "मोठीआई काहून नाई आली?" मी म्हणाले, त्यांना काम आहे.

चार वर्षं. आपण एकत्र धानाच्या रोवणीला गेलो, एकाच चुलीवर रांधलं, सासूबाईंचं शेवटचं सगळं दोघींनी मिळून केलं. माझ्या गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हीच माझे कपडे धुतलेत. तुम्ही माझ्याशी कधी तुटक बोलला नाहीत. पण समुद्र घरातून गेला तो गेलाच. ओवी कधी मागं लागली तर तुम्ही म्हणायचात, "मला आता आठवत नाहीत गो." मी स्वयंपाकघरातून ते ऐकत होते. एकदा उठून बाहेर यायचं आणि 'सांगा ना, ताई' म्हणायचं, इतकं सोपं होतं. पण प्रत्येक वेळी मला भीती वाटली. तुम्ही त्या वाक्याचं नाव काढाल याची.

उन्हाळ्यात तुमचं पोट दुखायला लागलं. आधी अड्याळच्या डॉक्टरांची औषधं झाली, मग भंडारा, मग नागपूर. गाठ बरीच पसरली होती. गुरुजी दिवसभर कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरायचे आणि मी तुमच्याजवळ असायचे.

त्या वॉर्डात मोठा कूलर होता. दुपारी चालू केला की घुमायचा, मध्येच मंद व्हायचा, परत मोठा व्हायचा. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला खूश करायला म्हणाले, "ऐका, ताई, तुमच्या समुद्रावानी वाजून राहिला."

तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट, की तुमच्यात तेवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तो बंद करायला सांग."

"ताई, बाहेर शेहचाळीस हाय. बाकीचे पेशंट..."

"रेखा, मला भीती वाटते गो. बंद करायला सांग."

बाकीच्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी आयाबाईंच्या हातापाया पडून मी तुमचा पलंग पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडं हलवून घेतला. तिथं वारा येत नव्हता. तुम्ही घामानं भिजलात, पण तुम्हाला झोप लागली.

बाहेरच्या बाकावर मी गुरुजींना हे सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, तापात काहीही बोलते. त्यांनी हातातल्या रिपोर्टची घडी केली.

"तिचा एक भाऊ होता," ते म्हणाले. "धाकटा. एकोणीस वर्षांचा. होडीवर गेला होता. होडी वापस आली, तो नाई आला."

त्यांनी रिपोर्टची घडी परत उघडली.

"अकरा दिवस मायलेकी किनाऱ्यावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी त्याची एक चप्पल लागली वाळूले. माय तं जेवेच ना. मग ही तिले सांगे, भरती दुसरी चप्पल शोधून राहिली, सापडली का घेऊन येते. मायच्या तोंडात दोन घास जावे म्हणून. तिथून सुरू झालं हे सारं."

"गुरुजी, मले कोणी सांगितलं काहून नाई?"

"तिनंच मना केलं होतं. म्हणे, तिकडे तरी मले कोणी बिचारी म्हणू नये." मग ते थोडं हसले. "लग्नाच्या आधी तिनं मले एकच विचारलं होतं. तुमच्या गावापासून समुद्र किती लांब? म्या म्हटलं, साऱ्यात लांबचं गाव आमचंच. तं लगेच हो म्हणाली. भाऊ गेला तवापासून ती घोट्याएवढ्या पाण्यात बी नाई उतरली, ओवीसाठी उतरली तेवढीच. तलावावर धुणं धुवे ते दगडावर बसून."

मी त्या बाकावर बसले होते आणि मला तुमचे वाजणारे दात दिसत होते. छातीभर पाण्यात पुढं केलेले हात दिसत होते. आणि त्याच संध्याकाळचं माझं वाक्य. तुमच्या घरचं कोणी पाण्यानं नेलं असतं ना, ताई.

"तिले कळू देऊ नको, तुले माहीत झालं म्हणून," गुरुजी म्हणाले. मी मान हलवली. खरं सांगू, मला बरं वाटलं. गप्प राहायला मला एक कारण मिळालं होतं.

त्यानंतर तुम्ही नऊ दिवस होतात. नऊ दिवस मी तुमच्या उशाशी बसून होते. रोज सकाळी मी ठरवायचे की आज बोलायचं. रोज तुमच्या केसांना तेल लावताना शब्द तोंडाशी यायचे आणि मी वेणी घालायला घ्यायचे. तुम्ही मरणार आहात याची भीती होतीच. पण तुम्ही माझ्याकडे परत त्या दिवशीसारखं पाहाल, याची जास्त होती.

एका दुपारी तुम्ही म्हणालात, "रेखा, तू गोष्ट सांग."

"मले कुठं येते, ताई."

"काहीही सांग. घरचं सांग."

मग मी सांगत सुटले. धानाचे पऱ्हे टाकायला यांनी नांगरटी करून ठेवली. ओवीनं तुमच्या नारळाला आळं केलं. अंगणवाडीत एक नवीन पोरगं आलं आहे, ते रोज बकरीसाठी खिचडी खिशात भरून नेतं आणि आई रोज चड्डी घेऊन भांडायला येते. तुम्हाला हसू आलं. हसताना पोट दुखलं, तरी हसलात.

मग डोळे मिटूनच म्हणालात, "ओवी नारळामुळे वाचली."

चार वर्षांनी तुम्ही स्वतः तो विषय काढलात. मी थट्टेवर नेलं. "कौसल्याबाईमुळं वाचली."

"कौसल्याबाई येईपर्यंत कोण होतं?"

'पण पाण्यात गेली कशामुळं?' हे माझ्या मनात आलं. शपथेवर सांगते, तोंडातून निघालं नाही. पण तुम्ही ऐकलंत.

"नेलं पण मीच तिला. ते मला माहीत आहे."

तेव्हा बोलायचं होतं, ताई. तेव्हा म्हणायचं होतं की असं नाही. म्हणायचं होतं की तुम्ही पाण्यात गेलात आणि मी, तिची आई, पाळीवर उभी राहिले. मी उठले आणि पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. नळाशी मी ती ओतून रिकामी केली आणि परत भरली. परत आले तेव्हा तुम्ही झोपला होतात.

शेवटच्या दिवशी तुमचं बोलणं कळत नव्हतं. एकच वाक्य नीट आलं. "माझी राख समुद्रावर नेऊ नका." मी म्हणाले, नाही नेणार. दोनदा म्हणाले. तुम्ही मान हलवलीत.

घरी यांनी कोकणात जायची तयारी चालवली होती. "वयनी समुद्राच्या होत्या, तिकडेच नेऊ." मी जोरात नाही म्हणाले, सगळे चमकले. गुरुजी म्हणाले, "पवनीले नेऊ. वैनगंगेत." तिसऱ्या दिवशी आम्ही पवनीच्या घाटावर गेलो. गुरुजी आणि हे पाण्यात उतरले. मी आणि ओवी वरच्या पायरीवर होतो. पाणी संथ होतं, पुढं धरण आहे म्हणून तिथं नदी तलावासारखी पसरलेली असते. मला वाटलं, बरं झालं, तुमचं शेवटचं एक काम तरी माझ्याकडून नीट झालं.

परतताना एसटीत ओवी माझ्या आणि गुरुजींच्या मध्ये बसली होती. ती आता पाचवीत आहे. खिडकीतून बाहेर बघत बघत तिनं विचारलं, "आई, वैनगंगा पुढं प्राणहितेत जाते ना? अन् मंग गोदावरीत?"

"हो."

"अन् गोदावरी समुद्रात."

मी उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, बसा, बाई, स्टॉप नाही इथं. मला गाडी थांबवायची होती. मला परत त्या घाटावर जाऊन ते सगळं पाण्यातून वेचून काढायचं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात, मी दोनदा कबूल केलं होतं आणि आम्ही तुम्हाला तिकडंच पाठवलं होतं.

"बस, रेखा," गुरुजी म्हणाले. "तिले माहीत होतं. नद्यांचा तो नकाशा शाळेच्या भिंतीवर तिनंच रंगवला माह्यासंगं."

"मंग?"

"तिनं मले उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. एकदम समुद्रात नको. नदीनं जाईन. नदीनं गेली तं पोचायले दिवस लागतीन, मंधात धरणात थांबीन थोडी. तोपर्यंत धीर येईन. म्हणे, भाऊ तिथंच हाय, कधीतरी जा तं लागनच."

ओवीनं गुरुजींचा हात धरला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर काही दिवस मी बऱ्यापैकी होते. तुम्ही धरणात थांबला असाल, पुढं माझ्या माहेराकडून सावकाश जाल, असं मनाशी धरून होते. मग आषाढात पावसाची झड लागली. पाच दिवस सुटलीच नाही. सहाव्या दिवशी बातमी आली की वर पाणी फार झालं, धरणाची दारं उघडली. नदीकाठच्या गावांना दवंडी दिली. माझ्या आईचा फोन आला, आम्ही शाळेत येऊन बसलो आहोत, तू काळजी करू नको.

आईची काळजी होतीच. पण मला पहिली आठवण तुमची झाली. तुम्ही सावकाश म्हणाला होतात. तुम्हाला धीर यायला दिवस हवे होते. आणि आता ती नदी तुम्हाला ओढत नेत होती, मी लहानपणी स्लॅबवरून पाहिली होती तशी. मला वाटलं, तुम्ही एकट्या आहात, भ्यायलेल्या आहात, आणि वर माझं ते वाक्य तुमच्याबरोबर आहे. समुद्राच्या आधी ते तुमच्यावरून उतरवायला हवं. आता नाही तर कधीच नाही.

पाऊस थोडा उघडला तशी मी निघाले. घरी सांगितलं, अंगणवाडीच्या बीटच्या मीटिंगला जाते. पवनीला उतरले आणि घाटाकडे चालायला लागले. नदी दिसायच्या आधी ऐकू आली. मी एका दुकानाच्या शेडखाली थांबले. दुकानदारानं विचारलं, "पूर पाहाले आल्या का?" मी पुढं झाले.

घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली होत्या. दोर बांधला होता आणि एक होमगार्ड उभा होता. पाणी लाल, फेसाळ, त्यात अख्खी झाडं चाललेली. पायरीवर आपटून ते परत फिरत होतं आणि तो आवाज तोच होता, बाकांचा. मी दोराखालून वाकले आणि एक पायरी उतरले. मग दुसरी. पाणी माझ्या पावलांवरून गेलं. मी तुमच्यासारखी छातीभर गेले नाही, ताई. घोट्याएवढीच गेले.

"ओ बाई! मागं व्हा! मागं व्हा म्हणतो ना!"

त्यानं शिट्टी वाजवली. मी मोठ्यानं बोलले, कारण त्या आवाजात हळू बोलून काही उपयोग नव्हता.

"ताई, मी चुकली. तुमच्या घरचं कोणी पाण्यानं नेलं, हे मले माहीत नव्हतं. माहीत झालं तवा बी मी बोलली नाई. मी पाळीवर उभी होती अन् तुमी पाण्यात गेल्या. माह्या ओवीले तुमी वाचवलं. गोष्टीनं बी वाचवलं अन् हातानं बी."

होमगार्ड दोराशी येऊन पोचला होता. माझं एक सांगायचं राहिलं होतं. भिऊ नका, असं मला म्हणायचं होतं, पण ते खोटं झालं असतं, आणि ते माझ्या तोंडून तुम्हाला पटलंही नसतं.

"भेव लागत असन तं लागू द्या," मी म्हणाले. "मले बी लागून राहिला."

मग मी मागं झाले.